मोटारीची कांति व मातीची वडी

गेल्या पिढीपर्यंत घरांत जपण्याच्या वस्तू म्हणजे देवघरांतील चांदीचीं उपकरणीं, पितळेचीं भांडीं व फार तर एखादें शिवणयंत्र, एवढ्याच असत. आतां त्यांत मोटारगाडीची भर पडली आहे. पांच-सात वर्षांच्या हप्त्यांनीं घेतलेली गाडी ही मध्यम स्थितींतील कुटुंबास घराच्या खालोखाल महाग पडणारी वस्तु होय. तेव्हां तिची निगा हा विषय केवळ शौकिनांचा नसून गृहव्यवस्थेचाच आहे, असें आम्हांस वाटतें. म्हणून या महिन्यांत स्वयंपाकघर व कोठीघर सोडून आम्ही वाचकांस इमारतीच्या खालीं, गाड्या उभ्या राहतात तेथें, नेत आहों.

आमच्या चिरंजीवांची गाडी गडद निळ्या रंगाची आहे. दर रविवारीं ती शॅम्पूनें धुतली जाते आणि धुतल्यावर आरशासारखी दिसते. एके रविवारीं तिच्या कोरड्या बॉनेटवरून आम्हीं सहज तळहात फिरविला, तों तो बारीक रव्यावरून फिरावा तसा खरखरला. गाडी पुन्हां धुतली, पुन्हां तेंच. डोळ्यांस स्वच्छ दिसणें निराळें आणि हातास स्वच्छ लागणें निराळें, हें तेव्हां ध्यानांत आलें. ज्यांस आपल्या गाडीची परीक्षा पाहावयाची असेल त्यांनीं धुऊन वाळविलेल्या पत्र्यावरून, हातांत पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून, बोटें अगदीं हलकीं फिरवावीं. पिशवीमुळें त्वचा पत्र्यास चिकटत नाहीं व बारीकसारीक उंचवटे तेवढे बोटांस स्पष्ट कळतात.

हे उंचवटे कशाचे असतात? पुष्कळसे लोखंडाचे. ब्रेक दाबला कीं त्याच्या घर्षणानें लोखंडाचे सूक्ष्म कण झडतात. लोहमार्गाजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर रुळांच्या व चाकांच्या झिजेचे कणही येऊन बसतात. हे कण तापलेले असतात, रंगाच्या वरच्या थरास घट्ट चिकटतात, आणि पावसाळ्याची ओल लागली कीं गंजूं लागतात. पांढऱ्या गाडीवर दिसणारे तांबूस ठिपके बहुधा या गंजाचेच. यांशिवाय झाडाचा चीक, रस्त्याचें डांबर, शेजारीं खिडकीचे गज रंगवितांना उडालेले रंगाचे तुषार, विहिरीच्या जड पाण्याचे क्षार, असे अनेक पाहुणे तेथें मुक्काम ठोकून असतात. शॅम्पू सुटी धूळ व तेलकटपणा काढतो. जें चिकटून बसलें आहे त्यापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं.

या कामासाठीं बाजारांत जी वस्तु मिळते तिला ‘क्ले बार’ म्हणतात. क्ले म्हणजे माती. परंतु ही माती नदीकांठची नव्हे. ती मऊ, रबरासारखी ताणणारी कृत्रिम राळ असून तींत अत्यंत बारीक घर्षक पूड कालविलेली असते. जपानांतील तादाओ कोदाते यांनीं शोधलेल्या अशा लवचिक वडीस अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट मिळालें. आपल्याकडे स्वच्छतेचा आणि मातीचा संबंध जुनाच आहे. हात मातीनें धुण्याची रीत आमच्या लहानपणीं होती, आणि केंसांस मुलतानी माती अजूनही लावतात. संस्कृतांत ‘मृज्’ म्हणजे पुसून शुद्ध करणें. त्यापासून मार्जन व मार्जनी हे शब्द झाले, आणि सदा आपलें अंग पुसीत बसणारें मांजरही त्याच धातूवरून ‘मार्जार’ झालें. मांजराच्या या उद्योगांत एक गोष्ट घेण्यासारखी आहे : तें अंग आधीं ओलें करतें, मग पुसतें. वडीच्या वापराचें सारें मर्म यांतच आहे.

कृति अशी. गाडी सावलींत उभी असावी व पत्रा हातास थंड लागावा. प्रथम ती नीट धुऊन घ्यावी, कारण सुटी धूळ राहिली तर तीच वडीखालीं घासली जाईल. लोखंडाचे कण फार असतील तर ते विरघळविणारें एक द्रव्य मिळतें. लोखंडास लागतांच तें जांभळें होऊन ओघळूं लागतें. त्याचा वास मात्र नाक धरावयास लावतो. तें धुऊन टाकावें, मग वडी हातीं घ्यावी. शंभर ग्रॅमच्या वडीचे तीन-चार तुकडे करून त्यांतील एक कणकेसारखा मळून पुरीएवढा चपटा करावा. दोन वीत लांब व दोन वीत रुंद एवढाच भाग एका वेळीं घ्यावा. त्यावर वडीसोबत मिळणारें निसरडें द्रव्य भरपूर फवारावें. तें नसेल तर शॅम्पूचें पाणी चालतें. मग वडी सरळ रेषेंत पुढें-मागें सरकवावी. गोल गोल फिरवूं नये, आणि बोटांच्या वजनाहून अधिक भार देऊं नये. आरंभीं ती अडखळते व खरखर असा आवाज होतो. थोड्याच फेऱ्यांत आवाज थांबतो आणि वडी लोण्यावरून जावी तशी जाऊं लागते. तो भाग झाला असें समजावें, आणि मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानें टिपून घ्यावा.

वडी उलटून पाहिली तर तिच्या पोटांत काळे-तपकिरी ठिपके दिसतात. वर आलेला कण ती छाटते आणि आपल्या अंगांत ओढून घेते. निसरड्या पाण्यामुळें रंगास मात्र तिचा स्पर्श बेताचाच होतो. मळलेली बाजू आंत दुमडून, मळून, स्वच्छ बाजू वर काढावी व पुढील भाग घ्यावा. दारांचा खालचा भाग सर्वांत मळका, म्हणून तो शेवटीं करावा. चाकांचा तुकडा अगदीं वेगळा ठेवावा. वडी मळाबरोबर पूर्वीचें मेणही काढून नेते, म्हणून काम संपल्यावर मेणाचा किंवा तत्सम लेप दिलाच पाहिजे. नाहीं तर रंग उघडा पडतो.

येथवर आम्हीं शिकविलें. आतां आम्ही काय शिकलों तें सांगणें प्राप्त आहे. अर्धें बॉनेट झाल्यावर वडी आमच्या ओल्या हातांतून निसटून खालीं फरशीवर पडली. पडलेली वडी टाकून द्यावी, असें सोबतच्या कागदावर ठळक छापलें होतें व आम्हीं तें वाचलेंही होतें. परंतु पानांत कांहीं टाकूं नये या शिस्तींत आम्ही वाढलों. नवी कोरी वस्तु टाकण्यास मन होईना. ती पाण्याखालीं धरली, सदऱ्याच्या टोकानें टिपली आणि काम पुढें चालविलें. फरशीवरचे वाळूचे दोन-चार कण वडीच्या पोटांत गेले होते ते पाण्यानें थोडेच निघणार! गाडी उन्हांत आली तेव्हां बॉनेटच्या उजव्या अंगास कोळिष्टकासारख्या रेघा चमकूं लागल्या. चिरंजीव संध्याकाळीं कामावरून आले. दिव्याच्या उजेडांत त्यांस कांहीं दिसलें नाहीं, आणि आम्हींही कांहीं सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गॅलरींत चहा घेत असतां खालून चढलेला आवाज आला. चिरंजीवांनीं रेघा पाहिल्या होत्या आणि इमारतींतील गाड्या पुसणाऱ्या मुलास बोलावून ते त्यास जाब विचारीत होते. उद्यांपासून येऊं नको, असेंही शब्द कानीं पडले. मुलगा हातांत बादली घेऊन उभा होता. तो म्हणत होता, “साहेब, मी घासत नाही. नुसतं ओलं फडकं फिरवतो.” शाळेंत आम्हीं पुष्कळ मुलांस, दुसऱ्याच्या माथीं दोष जाऊं दिला म्हणून, वर्गाबाहेर उभें केलें आहे. कप तसाच ठेवून आम्ही खालीं गेलों आणि घडलें तें सांगितलें. चिरंजीव एवढेंच म्हणाले, “अप्पा, कालच सांगायचं होतंत.” मग त्या मुलाकडे वळून त्यांनीं त्याची क्षमा मागितली. तो ‘ठीक आहे’ असें म्हणून पुढच्या गाडीकडे गेला. त्याच्यापुढें आम्हांस फार वेळ उभें राहवलें नाहीं.

कारखान्यांतील कारागीर म्हणाला, “यंत्रानें पॉलिश केलें कीं बहुतेक रेघा जातील.” पण पॉलिश रेघा भरून काढीत नाहीं, आसपासचा थर उतरवून रेघेच्या तळाशीं आणतें. आजच्या गाडीवर रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो तो साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केंस सामान्यतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे उन्हापासून रंगाचें रक्षण करणारें हें कवच केंसाहूनही पातळ! पितळेचें तपेलें दररोज चिंचेनें घासलें तरी नातवंडांपर्यंत टिकतें, कारण झिजावयास तेथें पुष्कळ धातु असते. येथें तसें नाहीं. चिरंजीवांनीं हलकें पॉलिश एकदांच करविलें व ज्या दोन रेघा खोल होत्या त्या तशाच राहूं दिल्या. त्या अजून आहेत.

म्हणून वाचकांस आमचें सांगणें असें कीं, ही वडी वर्षांतून एकदां, फार तर दोनदां वापरावी. एकदां पावसाळा संपल्यावर वापरणें उत्तम. पिशवींतला हात गुळगुळीत फिरत असेल तर तीही गरज नाहीं. नेहमीं सौम्य जातीची वडी घ्यावी. गडद रंगावर प्रथम कोपऱ्यांतील लहान भागावर करून पाहावें. निस्तेज छटेच्या, म्हणजे मॅट रंगाच्या गाडीवर तिचा प्रयोग करूं नये. ओरखडे घालविण्याची अपेक्षा तिच्याकडून ठेवूं नये. तें तिचें काम नव्हे. काचेवरही ती उत्तम चालते. उरलेले तुकडे डबींत झांकून ठेवावेत. गाडी पुसणाऱ्या मुलास मात्र दोन मऊ फडकीं आपण होऊन द्यावींत व बादलींतलें पाणी बदलण्यास सांगावें. धुळीवरून मळकें फडकें फिरविणें आणि पडलेली वडी फिरविणें यांत फारसा भेद नाहीं.

आणि वडी पडली तर ती टाकून द्यावी. रेघ उठलीच, तर ज्याची गाडी असेल त्यास त्याच दिवशीं सांगावें.