विश्लेषण : लष्करी अधिकाऱ्यांकडून कर्तव्यात कसूर, शिक्षा कुणाला आणि न्याय कसा?

भारताचे ब्रह्मोस क्षेपणास्त्र ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. साडेपाच महिन्यांनी हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. चूक गंभीर होती, त्यामुळे कारवाई झाली याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. मात्र ती ज्या मार्गाने झाली, त्यातून जुना प्रश्न पुन्हा वर आला. गणवेशातील अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केली, तर त्याला जबाबदार धरण्याची न्याय्य पद्धत कोणती? आणि जबाबदारी शेवटच्या माणसापाशीच का थांबते?

ब्रह्मोस प्रकरणात काय घडले?

क्षेपणास्त्र मियाँ चन्नू या गावाजवळ, सीमेपासून सुमारे १२४ किलोमीटर आत पडल्याचे पाकिस्तानने १० मार्चला जाहीर केले. भारताने ११ मार्चला निवेदन काढून घटनेची कबुली दिली. नियमित देखभालीदरम्यान तांत्रिक बिघाडामुळे क्षेपणास्त्र सुटले, असे त्यात म्हटले होते. उच्चस्तरीय चौकशीचा आदेशही निघाला. चौकशी पूर्ण झाल्यावर निष्कर्ष निराळा आला. तीन अधिकाऱ्यांनी प्रमाणित कार्यपद्धती पाळली नाही आणि त्यामुळे हा प्रकार घडला, असे सांगून २३ ऑगस्ट २०२२ रोजी एक ग्रुप कॅप्टन, एक विंग कमांडर आणि एक स्क्वाड्रन लीडर यांची सेवा संपुष्टात आणण्यात आली. मार्चमधील ‘तांत्रिक बिघाड’ ऑगस्टमध्ये ‘मानवी चूक’ झाला.

मग वाद कशाचा?

बडतर्फ झालेल्या विंग कमांडरने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. आपल्याला देखभालीच्या कामाचे प्रशिक्षण मिळाले होते, प्रत्यक्ष मोहीम चालवण्याचे नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा मुद्दा कायद्याचा होता. ही कारवाई हवाई दल कायदा १९५० च्या कलम १८ खाली झाली. सेवेतील प्रत्येक व्यक्ती राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहते, असे हे कलम सांगते. त्याखाली सेवा संपवताना कोर्ट मार्शल होत नाही. म्हणजे आरोपपत्र, साक्षीदारांची उलटतपासणी आणि बचावाची संधी हे सारे वगळले जाते. केंद्र सरकारने उत्तरात सांगितले की या घटनेमुळे शेजारी देशाशी संबंधांवर परिणाम झाला, सरकारी तिजोरीचे २४ कोटी रुपयांचे नुकसान झाले, आणि विषयाच्या संवेदनशीलतेमुळे हा मार्ग निवडावा लागला. असा निर्णय हवाई दलात २३ वर्षांनी घेतला गेला, असेही सरकारने नमूद केले. नेहमीची वाट सोडल्याची ही कबुलीच होती. ती सोडण्याची गरज किती होती, हाच वादाचा गाभा आहे.

लष्करी कायद्यात कसुरीला शिक्षा काय?

लष्कर आणि हवाई दलासाठी १९५० चे, तर नौदलासाठी १९५७ चा असे तीन स्वतंत्र कायदे आहेत. नागरी नोकरीत कामचुकारपणा हा शिस्तभंग असतो, सैन्यात तो गुन्हा ठरू शकतो. पहाऱ्यावर झोपणाऱ्या सैनिकाला लष्कर कायद्यानुसार प्रत्यक्ष मोहिमेच्या काळात १४ वर्षांपर्यंत, तर एरवी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. निष्काळजीपणाने युद्धनौका धोक्यात आणणे हा नौदल कायद्याखाली गुन्हा आहे. त्याशिवाय ‘सुव्यवस्था आणि लष्करी शिस्त यांना बाधक वर्तन’ असे एक सर्वसमावेशक कलमही आहे. इतर कुठेही न बसणारी कसूर त्यात बसवता येते.

या कठोरपणाला कारण आहे. सैन्यात एकाच्या हलगर्जीची किंमत दुसऱ्याला जिवानिशी चुकवावी लागते. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला दिला. नागरी कर्मचाऱ्याला चौकशीविना बडतर्फीपासून संरक्षण देणारा अनुच्छेद ३११ सैनिकांना लागू होत नाही. अधिकार इतके एकतर्फी असले, की उरलेली थोडी संरक्षणे कसोशीने पाळण्याची जबाबदारी वाढते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी आणि कोर्ट मार्शलमध्ये फरक काय?

नावात ‘कोर्ट’ असले तरी कोर्ट ऑफ इन्क्वायरी हे न्यायालय नव्हे. काय घडले, कसे घडले याची माहिती गोळा करणारे ते अधिकाऱ्यांचे मंडळ असते. ते कुणाला शिक्षा देऊ शकत नाही. तरीही एखाद्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला धक्का पोहोचणार असेल, तर त्याला चौकशीत पूर्णवेळ हजर राहण्याची, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी दिली पाहिजे, असे लष्कर नियमावलीतील नियम १८० सांगतो. हवाई दलातही अशीच तरतूद आहे. त्यानंतर पुराव्यांचे संकलन होते आणि मग कोर्ट मार्शल भरते. तिथे आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर असतो आणि आरोपीला वकील देता येतो.

या दोन टप्प्यांच्या पलीकडे तिसरी वाट आहे ती प्रशासकीय बडतर्फीची. कलम १९ खाली केंद्र सरकार ती करू शकते, पण त्यात साधारणतः कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. कलम १८ मध्ये तेवढेही बंधन नाही. खटला चालवणे अव्यवहार्य असेल तर प्रशासकीय मार्ग वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मेजर धर्मपाल कुक्रेती प्रकरणात मान्य केले आहे. ही वाट बेकायदा नाही. मात्र अपवाद म्हणून ठेवलेली वाट सोयीची झाली, की खटल्यात जे उघड व्हायचे ते बंद फायलीतच राहते.

बडगामच्या घटनेतून काय दिसते?

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी, बालाकोट कारवाईच्या दुसऱ्या दिवशी, काश्मीरवर पाकिस्तानी विमानांशी झुंज सुरू असताना श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. मृतांत नाशिकचे एक वैमानिक अधिकारीही होते. आपल्याच क्षेपणास्त्राने हे हेलिकॉप्टर पाडले, ही मोठी चूक होती, अशी जाहीर कबुली तत्कालीन हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये दिली. तोवर सात महिने उलटले होते.

इथे कोर्ट मार्शलचा मार्ग निवडला गेला. २०२३ मध्ये श्रीनगर तळावरील तत्कालीन मुख्य मोहीम अधिकारी असलेल्या ग्रुप कॅप्टनला काही आरोपांत दोषी धरून बडतर्फीची शिफारस झाली. काही आरोपांतून मात्र तो सुटला. हेलिकॉप्टरची आपला-परका ओळखणारी यंत्रणा बंद असणे हा यातील कळीचा मुद्दा होता. शिफारस वरिष्ठांच्या मंजुरीच्या अधीन होती आणि प्रकरण न्यायालयातही गेले. प्रक्रिया लांबली, त्रासदायक ठरली, हे खरे. पण कोणता आरोप टिकला आणि कोणता नाही, हे पुराव्याच्या कसोटीवर ठरले. ब्रह्मोस प्रकरणात नेमकी हीच संधी हुकली.

वरिष्ठांच्या जबाबदारीचे काय?

१४ ऑगस्ट २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडी स्फोटांनंतर बुडाली आणि १८ नौसैनिकांनी प्राण गमावले. सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ रोजी, मुंबईजवळ समुद्रात ‘आयएनएस सिंधुरत्न’मध्ये धूर पसरून दोन अधिकारी मरण पावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि सरकारने तो लगेच मंजूर केला. लष्करी इतिहासात असे उदाहरण विरळाच.

या राजीनाम्याने पदाची प्रतिष्ठा राखली, पण पुढच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. सिंधुरत्न तेव्हा २५ वर्षांहून जुनी होती. तिच्या वर्गातील पाणबुड्यांवरचा भार हलका करणारी स्कॉर्पीन श्रेणीची पहिली पाणबुडी २०१२ मध्ये मिळणे अपेक्षित होते. माझगाव गोदीत बांधलेली ही ‘कलवरी’ प्रत्यक्षात डिसेंबर २०१७ मध्ये दाखल झाली. जुन्या सामग्रीवर माणसे राबवावी लागतात, तेव्हा चुकीची शक्यता वाढते. ही दिरंगाई कुणाची कसूर, हे ठरवणारे कोणतेही कोर्ट मार्शल नसते.

दुसऱ्या टोकाला जवान आहे. लष्करातील ‘समरी कोर्ट मार्शल’मध्ये हवालदार आणि त्याखालच्या सैनिकावर त्याचाच कमांडिंग अधिकारी एकटा खटला चालवतो आणि एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो. अधिकाऱ्यांना ही पद्धत लागू नाही. एकाच तळावरच्या एकाच कसुरीसाठी हुद्द्यानुसार न्यायाचे माप बदलत असेल, तर शिस्तीवरचा विश्वास खालून पोखरला जातो.

अमेरिकेचा अनुभव काय सांगतो?

२०१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकी नौदलाच्या दोन विनाशिका व्यापारी जहाजांवर आदळल्या. जूनमध्ये ‘फिट्झगेराल्ड’वर सात, तर ऑगस्टमध्ये ‘जॉन मॅक्केन’वर दहा नौसैनिक बुडाले. दोन्ही जहाजांच्या कप्तानांवर निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत ठरल्याचेही आरोप ठेवले गेले. पुढे आरोप सौम्य होत गेले. मॅक्केनच्या कप्तानाने २०१८ मध्ये कर्तव्यातील कसूर कबूल केली. फिट्झगेराल्डच्या कप्तानावरील आरोप मात्र २०१९ मध्ये मागे घ्यावे लागले आणि केवळ निषेधपत्र देण्यात आले. नौदलाच्या नेतृत्वाने जाहीर वक्तव्यांतून दोष आधीच ठरवून टाकला, असा बचाव पक्षाचा आक्षेप होता. निकालाआधी बोलण्याची घाई खटल्यालाच भोवते, हा त्यातला पहिला धडा.

दुसरा धडा वरच्या साखळीचा. सातव्या आरमाराच्या व्हाइस अ‍ॅडमिरल दर्जाच्या प्रमुखाला पदावरून दूर करण्यात आले. चौकशांचे तपशीलवार अहवाल लोकांसमोर ठेवले गेले. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने जपानमधील जहाजांची ३७ टक्के प्रशिक्षण प्रमाणपत्रे मुदत संपलेली असल्याचे आणि काही नौसैनिक आठवड्याला १०० तासांहून अधिक राबत असल्याचे दाखवून दिले. म्हणजे कप्तान चुकला हे खरे, पण त्याला थकलेले आणि अर्धवट प्रशिक्षित मनुष्यबळ कुणी दिले, हाही प्रश्न विचारला गेला.

भारतात दाद कुठे मागता येते?

कोर्ट मार्शलविरुद्ध अपिलाची सोय नसल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, लेफ्टनंट कर्नल प्रीथीपाल सिंग बेदी प्रकरणात, खंत व्यक्त केली होती. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा येण्यास २००७ साल उजाडले आणि २००९ पासून कामकाज सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईतही आहे. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते की नाही, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन सदस्यीय पीठाने अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयांचा अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे दारे आहेत. पण बाहेरच्या न्यायालयाला तपासण्यासाठी आतल्या प्रक्रियेत पुरावा नोंदवलेला असावा लागतो. खटलाच झाला नसेल, तर तपासायला उरते ती फक्त फाईल.

मग काय व्हायला हवे?

कसुरीला क्षमा नको, याबद्दल दुमत नाही. अण्वस्त्रधारी शेजाऱ्याच्या हद्दीत क्षेपणास्त्र जाणे ही कार्यालयातील फाईल हरवण्यासारखी चूक नाही. पण न्याय्य प्रक्रिया ही दोषी अधिकाऱ्यावर केलेली मेहेरबानी नसते. चूक नेमकी कुठे झाली हे शोधण्याचा तोच खात्रीचा मार्ग असतो. आपल्याला प्रशिक्षण नव्हते, असे अधिकारी म्हणतो. ते खोटे असेल तर खटल्यात उघडे पडेल. खरे असेल, तर त्याला त्या जागी नेमणाऱ्याला प्रश्न विचारावा लागेल. दोन्ही बाबतींत फायदा हवाई दलाचाच आहे, कारण त्याच जागी उद्या दुसरा अधिकारी उभा राहणार आहे.

त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. कलम १८ चा वापर करताना कोर्ट मार्शल का शक्य नव्हते, याची कारणे लेखी नोंदवून न्यायालयासमोर ठेवण्याचे बंधन असावे. गोपनीयतेचा मुद्दा असेल तर बंद दाराआड खटला चालवता येतो, त्यासाठी खटलाच टाळण्याची गरज नाही. दुसरे, प्रत्येक मोठ्या दुर्घटनेच्या चौकशीत नेमणूक, प्रशिक्षण आणि सामग्री पुरवणाऱ्या वरच्या साखळीचा स्वतंत्र विचार सक्तीचा करावा. तिसरे, सुरक्षेला बाधा न येता चौकशीचा गोषवारा संसदेसमोर ठेवावा. बडगाममध्ये आप्त गमावलेल्या कुटुंबांना सत्य कळण्यासाठी सात महिने वाट पाहावी लागणे बरे नव्हे.

सैनिक वरिष्ठाच्या आदेशावर जीव धोक्यात घालतो. चूक झाल्यावर तोच वरिष्ठ आपल्यासोबत प्रश्नांना सामोरा जाईल आणि आपले म्हणणे ऐकून घेतले जाईल, एवढी खात्री त्याला असायला हवी. सैन्याची शिस्त शिक्षेच्या भीतीइतकीच या खात्रीवरही उभी असते.