बंदरावर वेताचा भाऊबंद, रानात सरकारी झाड

“इंग्रजांना वनस्पतिशास्त्र कळत नव्हते, म्हणून त्यांनी गवताला झाड ठरवले, २०१७ मध्ये भारताने ती नव्वद वर्षांची चूक सुधारली.” बांबूची ही गोष्ट समाजमाध्यमांवर वर्षातून दोन-तीनदा तरी फिरते आणि टाळ्या मिळवते. ऐकायला ती गोड आहे. इतिहास म्हणून मात्र ती जवळजवळ प्रत्येक शब्दागणिक चुकते.

आरंभ वर्षांपासून करू. बांबूला झाड म्हणणारी व्याख्या १९२७ ची नव्हे. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमातच ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू, बुंधे, झुडपे आणि वेत यांचा समावेश होता. १९२७ च्या कायद्याने ती यादी तशीच उचलली. म्हणजे वय नव्वद नव्हे, एकशे एकोणचाळीस.

आता अज्ञानाचा मुद्दा. १८९६ मध्ये कलकत्त्याहून ब्रिटिश हिंदुस्थानातील बांबूंवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात बांबू तृणकुळातच मांडला आहे. लेखक होते जेम्स साइक्स गॅम्बल. कोणी हौशी फुलवेडे गृहस्थ नव्हेत, तर वनखात्याचेच अधिकारी आणि त्या काळी देहरादूनच्या वनविद्यालयाचे संचालक. ज्या खात्याचा वरिष्ठ अधिकारी बांबूला गवत म्हणून छापतो, त्याच खात्याचा कायदा त्याला झाड म्हणतो. आणि या दोन विधानांत कोणालाच विसंगती वाटत नाही. कारण व्याख्येचे काम निराळे होते.

ते काम कोणते, हे कायद्याची कलमे एकापुढे एक ठेवली की दिसते. ‘झाड’ तोडले किंवा पडले की ते ‘इमारती लाकूड’ होते. इमारती लाकूड म्हटले की त्याच्या वाहतुकीवर परवाना, नाका, शिक्का आणि जप्ती लागू करता येते. वनोपज सरकारी मालकीची आहे की नाही असा वाद उद्भवला, तर १९२७ च्या कायद्याचे ६९ वे कलम सांगते की उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारचीच समजावी. या साखळीची पहिली कडी म्हणजे ‘झाड’ हा शब्द. त्या एका शब्दाने बुरुडाच्या डोक्यावरची मोळी सागाच्या ओंडक्याच्या रांगेत जाऊन बसली.

याच कायद्यात जकातीचेही एक प्रकरण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ३९ वे कलम सरकारला लाकडावर आणि इतर वनोपजावर शुल्क बसवण्याचा अधिकार देते, आणि त्यात कायद्याच्या हद्दीबाहेरून आणलेला मालही येतो. सालवीन नदीतून सरहद्दीपलीकडचा साग तरंगत मौलमीनला उतरत असे, त्या काळाची ही दृष्टी. वनकायदा हा मुळात वृक्षप्रेमाइतकाच महसुलाचाही दस्तऐवज होता.

आणि समुद्राकाठच्या खऱ्या जकातीत काय चालले होते? १९८६ पासून भारताचे सीमाशुल्क दरपत्रक ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर उभे आहे, त्यात लाकडाचे प्रकरण ४४ वे. ओबडधोबड ओंडके ४४०३ या शीर्षकाखाली. फोडलेले वासे, टोक केलेले पण उभे न चिरलेले खुंट आणि मेखा ४४०४ खाली. मात्र प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत कच्चा बांबू त्यातून वगळला आहे, मग तो अखंड असो वा उभा फोडलेला. त्याची जागा १४०१ मध्ये, वेत आणि बोरूच्या शेजारी: विणकामासाठी वापरायचे वनस्पतिज पदार्थ. त्याच बांबूचा तयार माल झाला की पुन्हा लाकडाच्या मालाचे नियम लागतात. सीमाशुल्काची ही पद्धत सोयीची असेल, पण ती निदान वस्तूचा उपयोग तरी विचारते.

म्हणजे २०१७ पर्यंत, तीन दशके, एकाच देशाची दोन उत्तरे होती. परदेशातून जहाजाने आलेला कळक हा विणकामाचा माल; गडचिरोलीच्या रानातला कळक हे इमारती लाकूड. आयातदाराला मिळालेले वर्गीकरण गोंडाला आणि बुरुडाला नाकारले गेले. तेव्हा ‘वनस्पतिशास्त्रातील गफलत’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे, की ही गफलत नेमकी गरिबाच्याच वाटेवर कशी उभी राहिली? स्वातंत्र्यानंतर कागद गिरण्यांना दीर्घ करारांनी नाममात्र दरात बांबू देताना हाच शब्द कधी आड आला नाही.

ही व्याख्या मोडण्याचे श्रेयही चुकीच्या दारात टाकले जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि मालकी ग्रामस्थांना दिली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. मालकी गावाची, पण माल हलवायचा तर सही दुसऱ्याची. ग्रामसभा हटली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ‘सुधारणे’च्या सहा वर्षे आधी.

मग २०१७ ने केले काय? नोव्हेंबरात अध्यादेश निघाला, डिसेंबरात संसदेने विधेयक मंजूर केले आणि ‘झाड’ या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द गेला. शेताच्या बांधावर बांबू लावणाऱ्याची परवान्याच्या जाचातून सुटका झाली. हे मोठेच काम. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

रानातल्या बांबूचे मात्र तसे झाले नाही. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात वनोपजाची व्याख्या आहे. जंगलात सापडलेल्या किंवा जंगलातून आणलेल्या वस्तूंच्या यादीत तिथे झाडांच्या पाठोपाठ ‘झाडे नसलेल्या वनस्पती’ येतात, आणि त्यांच्या कंसात पहिलाच शब्द आहे: गवत.