अळी बदलेल, पण अंडी कोणाच्या हातात?



पॉलिस्टर, नायलॉन हे कापड खनिज तेलापासून बनतं. धुताना त्याचे बारीक तंतू नदीनाल्यात जातात, अन् कुजत नाहीत. त्याला पर्याय पाहिजे, हे आम्हालाही पटतं.

तो पर्याय म्हणून आता रेशमाच्या अळीचं जनुक बदलणं सुरू आहे. जनुक म्हणजे आईबापाकडून पिल्लात उतरणारा गुण. 2023 साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी रेशीम अळीत कोळ्याचं जनुक घालून तिच्याकडून कोळ्याच्या जाळ्याचा चिवट धागा काढून घेतला. आपल्याकडे हैदराबादच्या संशोधकांनी विषाणूच्या रोगाला दाद न देणारी अळी तयार केली. अळ्या रोगाने मेल्या की घराचं वर्ष बुडतं. म्हणून या शोधाला आम्ही आंधळेपणाने नाही म्हणत नाही.

पण आम्ही जालन्याचे. इथं 1964 साली महिको ही बियाणे कंपनी उभी राहिली, आणि 2002 साली देशात बीटी कपाशीला पहिली परवानगी मिळाली ती तिच्याच वाणांना. संकरित बियाणं घरी राखता येत नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. अन् 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बीटी कपाशीही पोखरली. आता याच जालन्यात 2018 पासून रेशीम कोषांचा बाजार भरतो, पूर्वीसारखं कर्नाटकात रामनगरला जावं लागत नाही. उद्या अंडीपुंजाचंही पाकीट झालं, तर बाजार जवळ येऊन काय उपयोग?

दुसरी गोष्ट जंगलाची. तुतीच्या अळीचा पतंग उडत नाही, तो शेडमध्येच राहतो. पण गडचिरोली, भंडाऱ्याकडे आपले भाऊबंद ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचा कोसा वाढवतात. तो पतंग उडतो, रानातल्या पतंगाशी जोडी करतो. त्याचं जनुक बदललं, तर ते रानात पसरेल. मग परत कोण आणणार?

2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून टसर आणि कोष ही नावं लिहिलेली आहेत. जंगलाची जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव घ्या:

1. ग्रामसभेच्या संमतीशिवाय जनुक बदललेली अळी जंगलात सोडायची नाही.
2. अंडीपुंज सरकारी केंद्रातून किंवा सहकारी संस्थेतूनच मिळाले पाहिजेत, एका कंपनीच्या मुठीत नकोत.
3. रानातल्या कोशावरून कोणी नवा वाण काढला, तर त्यात गावाचा वाटा पाहिजे.

धागा कसाही निघो, त्याचं टोक आपल्या हातात राहिलं पाहिजे.

जिंदाबाद!