डिस्चार्जनंतर कोण येणार?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात आमच्या ताईचं बाळंतपण झालं. नॉर्मल डिलिव्हरी, तिसऱ्या दिवशी घरी. हातात फाईल, बिल आणि एक कार्ड : 'दीड महिन्याने लसीकरणासाठी यावे.' मधल्या दिवसांबद्दल चकार शब्द नाही. आम्हीही विचारलं नाही. पेढ्यांच्या गडबडीत होतो ना!

पाचव्या दिवशी मालीशवाल्या मावशी बाळाला खिडकीपाशी घेऊन आईला म्हणाल्या, "वहिनी, याचे डोळे पिवळे दिसतायत हो." बाळंतिणीची खोली म्हणून पडदे ओढलेले, त्यात पिवळा बल्ब. घरातल्या चार पदवीधरांपैकी एकालाही काही दिसलं नव्हतं. आत्या म्हणाली, कोवळ्या उन्हात धरा, जाईल. नशीब, आईने ऐकलं नाही. कावीळ बरीच वाढलेली निघाली. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. अजून उशीर झाला असता तर मेंदूला धोका होता, असं डॉक्टर म्हणाले. भाचा आता मस्त आहे, रात्रभर सगळ्यांना जागवतो.

मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं. 39 गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे 2011 मध्ये देशभर योजना आली : दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं. बाळाचं वजन, ताप, दूध बघायचं, आईचीही चौकशी करायची. सगळीकडे सहाही भेटी होतात असं मी म्हणत नाही. पण निदान कागदावर तरी आहेत!

आमच्या सोसायटीत कोण येतं? वॉचमन आधी फ्लॅट नंबर विचारेल. शहरातल्या आशाताई मुख्यतः वस्त्यांसाठी. खासगी दवाखान्याला वाटतं घरचे बघतील, घरच्यांना वाटतं दवाखान्याने बघितलंय. जागतिक आरोग्य संघटना पहिल्या दिवसानंतर किमान तीन तपासण्या सांगते : 48 ते 72 तासांत, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. आमच्या कार्डावर फक्त शेवटची होती, तीही लसीच्या नावाने. ताईला कधी या, हे तर कुठेच नव्हतं. आठव्या दिवशी तिला सणकून ताप आला, तेव्हा कुणाला फोन करायचा हेही माहीत नव्हतं.

आम्ही साधं बिलिंगचं सॉफ्टवेअर लाइव्ह केलं तरी दोन आठवडे टीम क्लायंटकडे बसून असते. करारातच लिहिलेलं असतं. मग एवढ्या हजारांच्या पॅकेजमध्ये नर्सची एक घरभेट का बसू नये?

एका मित्राच्या बायकोला पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय. त्याला सांगितलंय, नावं नंतर शोध, आधी घरी आल्यावर बाळाला आणि वहिनींना कोण तपासणार ते लिहून घे. आणि खोलीतला तो पिवळा बल्ब काढ.