विश्लेषण : कॅमेरा ४० अंशांचा, लग्नसराई ४५ अंशांची! भुसावळमध्ये ‘मिररलेस’ घ्यावा का?

एप्रिल-मेची लग्नसराई हा भुसावळ परिसरातील छायाचित्रकारांच्या कमाईचा हंगाम. नेमका तेव्हाच पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जुना डीएसएलआर विकून मिररलेस घ्या, असा बाजाराचा आग्रह आहे. मात्र मेगापिक्सेल पाहण्याआधी माहितीपुस्तिकेतील एक ओळ वाचायला हवी : वापराचे कमाल तापमान.

मर्यादा किती?

बहुतेक कॅमेऱ्यांसाठी ही मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस असते. हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत. भरदुपारी वरातीसोबत फिरणारा काळा कॅमेरा त्याहून कितीतरी जास्त तापतो. काही मोठ्या टेलिफोटो लेन्स पांढऱ्या असतात, त्याचे एक कारण ऊन परतवणे हेच आहे.

मिररलेस अधिक का तापतो?

डीएसएलआरमध्ये आरशामुळे दृश्य थेट डोळ्यापर्यंत पोहोचते. सेन्सर प्रामुख्याने बटण दाबल्यावर कामाला लागतो. मिररलेसमध्ये सेन्सर, प्रोसेसर आणि पडदा सतत सुरू राहतात. त्यामुळे उष्णता वाढते, बॅटरीही लवकर उतरते. व्हिडीओत हा ताण सर्वाधिक. २०२० मध्ये आलेल्या कॅननच्या ‘ईओएस आर ५’मध्ये ८के चित्रीकरणाची मर्यादा सुमारे २० मिनिटे असल्याचे कंपनीनेच सांगितले होते, तेही २३ अंशांत! पुढे फर्मवेअरमध्ये सुधारणा झाल्या. भुसावळचे ऊन मात्र तेच आहे.

मग मिररलेस नकोच का?

तसे नाही. नवरा-नवरीच्या डोळ्यांवर आपोआप धरला जाणारा फोकस आणि मंगलाष्टकांत व्यत्यय न आणणारे आवाजविरहित शटर ही मोठी सोय आहे. प्रमुख कंपन्यांचा भरही आता मिररलेसवरच आहे. मात्र लांबलचक व्हिडीओ हेच मुख्य काम असेल, तर पंखा असलेले मॉडेल पाहावे. पॅनासॉनिकच्या ‘एस ५ टू’मध्ये आणि कॅननच्या ‘आर ५ सी’मध्ये तो आतच बसवलेला आहे.

जुन्या कॅमेऱ्याचे काय?

त्याला सॉफ्टवेअरने नवे आयुष्य दिले आहे. अ‍ॅडोबीच्या लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ मध्ये एआयवर चालणारी ‘डीनॉइज’ सुविधा आली. रात्रीच्या मांडवात वाढवलेल्या आयएसओमुळे रॉ फोटोत येणारे दाणे ती बऱ्यापैकी साफ करते. त्यासाठी संगणकात चांगले ग्राफिक्स कार्ड हवे. शिवाय वर्गणी बारमाही आणि कमाई हंगामी, हे गणितही आहेच. ‘डार्कटेबल’ मोफत आहे. त्यात एवढी आपोआप सफाई नसली, तरी शिकून घेतल्यास काम भागते.

हंगामाआधी काय करावे?

कर्ज काढण्यापूर्वी हवे ते मॉडेल एक दिवस भाड्याने घ्यावे आणि दुपारी एक वाजता मांडवाबाहेर अर्धा तास सलग व्हिडीओ काढून पाहावा. जादा बॅटऱ्या, पांढरे कापड किंवा छत्री आणि दुसरा कॅमेरा सोबत असावा. बंद गाडीत सामान ठेवू नये. डीएसएलआर नीट चालत असेल, तर यंदाचा पैसा संगणक आणि बॅकअपवर घालणे अधिक शहाणपणाचे. अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा येत नाही. त्याच वेळी पडद्यावर तापमानाचा इशारा चमकला, तर ४५ मेगापिक्सेल काय कामाचे?