दाण्यातली विष्ठा कोणाच्या वाट्याला?

धान्याला कीड लागणे ही निसर्गाची करणी असून तिच्यापुढे शासनाचा इलाज चालत नाही, हा युक्तिवाद गोदामांच्या कारभाराविषयी प्रश्न निघाला की हमखास पुढे केला जातो. सोंड्याची मादी गव्हाच्या दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक आपल्याच चिकट स्रावाने बुजवून टाकते, एवढे निसर्गाचे खरे. अळी आतला गर खाते, तेथेच विष्ठा टाकते, तेथेच कोष करते. सुमारे महिन्याभराने किडा बाहेर पडतो तेव्हा मागे उरते ते घाणीने भरलेले पोकळ टरफल. परंतु हे टरफल कोणाच्या ताटात पडावे, हे निसर्ग ठरवीत नाही. ते धोरणाने ठरते.

हे धोरण कसे आहे? आधारभूत किमतीने गहू खरेदी करताना शासकीय निकष किडक्या दाण्यांना फारच थोडा वाव देतात. तोच गहू खाणाऱ्याच्या हाती पडताना मात्र शंभरात दहा दाणे किडके असले तरी चालतील, असे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनी ठरविले. शिवाय किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत युरिक आम्ल क्षम्य मानले. युरिक आम्ल म्हणजे किड्यांच्या मलातील द्रव्य. पिकविणाऱ्याला एक माप, खाणाऱ्याला दुसरे. मधल्या फरकाचा जाब मात्र कोणाला विचारायचा नाही!

गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी दिली की कागदोपत्री कर्तव्य संपते. धुरीने किडा मरतो. विष्ठा, काती आणि मेलेली शरीरे जागच्या जागी राहतात. चाळणीने सुटा भुगा निघतो, दाण्याच्या पोटात साचलेले निघत नाही. दळणात तर सारेच एकजीव होते. तो भुगा पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाच्या छातीत जातो. धान्यकिड्यांच्या धुळीने गिरणी व गोदाम कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकाला ठाऊक आहे. आणि निवडण्या-पाखडण्याचे काम येते ते दिवसभर रोजंदारी करून घरी परतलेल्या बाईवर. तिच्या या श्रमाची नोंद गोदामाच्या कोणत्याही ताळेबंदात सापडायची नाही.

ऑगस्ट २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सडू घातलेले धान्य भुकेल्यांना फुकट वाटा असे सांगितले, तेव्हा केंद्रीय कृषिमंत्र्यांनी ते शक्य नसल्याचे म्हटले. ही सूचना नसून आदेश आहे, असे न्यायालयाला बजावावे लागले. सप्टेंबरात खुद्द पंतप्रधानांनी न्यायालयाने धोरणाच्या क्षेत्रात शिरू नये असे सुनावले. पुढे सरकार बदलले. जानेवारी २०१५ मध्ये शांताकुमार समितीने उपाय सुचविले ते असे : अन्नसुरक्षेचे कवच लोकसंख्येच्या ६७ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास आणावे, साठवणूक खाजगी क्षेत्राकडे सोपवावी, धान्याऐवजी क्रमाक्रमाने रोकड द्यावी. कीड गोदामात, आणि कुऱ्हाड शिधापत्रिकेवर!

जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य विनामूल्य मिळते. फुकटच्या गव्हाला नावे कसली ठेवता, हा सुखवस्तूंचा उपदेश त्यामुळे अधिकच सोयीचा झाला आहे. हे धान्य कोणाच्या कृपेचे नाही. काडेपेटीपासून चपलेपर्यंतच्या खरेदीवर कर भरणाऱ्यांत ते खाणाराही असतोच.

२०१३ च्या त्याच कायद्याच्या कलम २९ ने थेट रेशन दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्या नेमण्याची तरतूद केलेली आहे. कार्यकर्त्यांनी या समित्यांत आग्रहाने जागा मिळवावी. पोत्यावर छापलेले हंगामाचे वर्ष वाचावे. जुना माल आधी बाहेर काढण्याचा नियम पाळला गेला की नाही, ते त्यावरून उमजते. शंभर दाणे मोजून भोके पडलेले वेगळे काढावेत, नमुन्याची युरिक आम्लासाठी तपासणी लेखी मागावी, आणि दर महिन्याचे आकडे गावाच्या नावासह तहसील कचेरीच्या टेबलावर ठेवावेत.