‘जाऊ द्या’ म्हणजे क्षमा नव्हे



आज थोडं कडक लिहिणार आहे. रागावलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या घराघरात एक वाक्य फार वापरलं जातं, “जाऊ द्या ना, कशाला वाद.” दूधवाल्याने पाणी घातलं, जाऊ द्या. शिलाईवालीने ब्लाउज बिघडवला, जाऊ द्या. आणि चाळीस-पन्नास हजारांची वस्तू वॉरंटीत असताना बंद पडली, दुकानदाराने हात वर केले, तरी तेच. वर या जाऊ द्याला आपण धर्माचं नाव देतो, ‘क्षमा’ म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ही क्षमा नाही, हा कंटाळा आहे. कधी भिडेपोटी येतो, कधी भीतीपोटी. आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरातली बाईच भरते, कारण ते पैसे तिने महिन्या-महिन्याला बाजूला टाकलेले असतात.

विषय लॅपटॉपचा आहे. मुलीच्या कॉलेजसाठी आम्ही ४२,००० रुपयांचा घेतला. धाडला न घेता बाहेरच्या मोठ्या गावातून घेतला, कारण दुकान समाजातल्याच माणसाचं. सातव्या महिन्यात पडदा काळा पडायला लागला. दुकानात नेला तर म्हणाले, “वहिनी, आमचं काम विकायचं. पुढचं कंपनी बघते. पण आपलं घरचं नातं आहे, ठेवून जा, मी पाठवतो.” मी पावती मागितली. “आपल्यात पावती कशाला?” तरी मी घेतली, तारीख आणि मशीनचा सिरियल नंबर लिहूनच घेतला. चाळीस दिवसांनी निरोप आला की आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही, १४,५०० रुपये पडतील. पाणी कुठे गेलं, फोटो दाखवा, इंजिनिअरचा अहवाल द्या, म्हटलं तर उत्तर नाही. दोनदा लेखी विचारलं, तरी नाही. मग मी बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. निकाल लागायचा आहे, म्हणून दुकानाचं नाव घेत नाही, आणि कोणी विचारूही नका.

लॅपटॉप बिघडला याचं मला फारसं काही वाटलं नाही, यंत्र आहे, बिघडणारच. वाईट वाटलं ते तक्रार दिल्यावर आलेल्या फोनांचं. एक ताई म्हणाल्या, “आपल्याच माणसावर केस?” दुसऱ्या म्हणाल्या, “एवढा मोह बरा नव्हे, वस्तूच ती.” तिसऱ्यांनी कषायाची आठवण करून दिली. या तिघींना मी इथेच उत्तर देते, कारण त्यांच्यासारखं म्हणणाऱ्या खूप आहेत.

आधी ‘आपला माणूस’. आपला माणूस म्हणून आपण बाकी दुकानं सोडून त्याच्याकडे गेलो. म्हणजे नात्याचा फायदा त्याला विक्रीच्या दिवशीच मिळाला. मग नात्याची जबाबदारी दुरुस्तीच्या दिवशी का नको? नातं फक्त गल्ल्यावर पैसे घेताना आठवत असेल तर त्याला नातं म्हणत नाहीत, गिऱ्हाईक ओढायची पाटी म्हणतात.

आता मोह. माझ्याच पैशाची वस्तू मी मागते हा मोह, आणि ज्याने पैसे घेऊन सदोष माल दिला तो मात्र अपरिग्रही? हा कुठला हिशेब? उलट दुरुस्तीचा हट्ट धरणं हेच अपरिग्रहाच्या जवळचं आहे. सात महिन्यांचं यंत्र भंगारात टाकून नवं आणणं म्हणजे पुन्हा खाणी, पुन्हा धातू, पुन्हा कचरा. जीवदया फक्त गाळणीच्या पाण्यापुरती नसते.

आणि कषाय. क्रोध करू नये, खरंच आहे. मी आवाज चढवला नाही, कोणाच्या दारात जाऊन भांडले नाही. शांतपणे कागद लिहिला आणि जिथे द्यायचा तिथे दिला. क्षमा म्हणजे मनात वैर न ठेवणं. समोरच्याने घेतलेले पैसे त्याच्याकडेच राहू देणं नव्हे. संवत्सरीला सगळ्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा मेसेज येतो. मेसेज येतो, लॅपटॉप येत नाही. मग त्या मेसेजला अर्थ काय?

धर्माचाच दाखला हवा ना? मग श्रावकाच्या व्रतांतलंच बघा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक न्यासापहार आहे. प्रतिक्रमणात आपण त्यालाच थापणमोसो म्हणतो. कोणी विश्वासाने ठेवलेली वस्तू बुडवणं, किंवा कमी करून परत देणं. दुरुस्तीला ठेवलेला लॅपटॉप ही ठेव नाही तर काय आहे? हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगितले, त्यांत पहिलाच गुण न्यायाने मिळवलेलं धन हा आहे. मंदिर, स्थानक, बोली, चढावा सगळं त्याच्यानंतर. मग पाप हक्क मागणारीला कसं लागेल?

आता ‘आमचं काम विकायचं’ या वाक्याकडे वळते. खरं ते खरं, वॉरंटी बहुतेक वेळा कंपनी देते आणि दुरुस्ती तिच्या सर्व्हिस सेंटरने करायची असते. दुकानदाराने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं असं मी म्हणत नाही. पण पैसे त्याने घेतले, बिल त्याने दिलं, व्यवहार त्याच्याशी झाला. कंपनीचं नाव घेतलं की आपली सुटका झाली, असं होत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाचं उदाहरण आहे. २००९ साली बनलेली मोटार त्याला २०११ साली नवी म्हणून विकली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०२१ साली न्यायालयाने सांगितलं की विक्रेत्याने जे केलं त्याचा दोष पुराव्याशिवाय उत्पादक कंपनीवर टाकता येणार नाही. कंपनी सुटली, विक्रेता नाही. म्हणून तक्रार करताना विक्रेता आणि कंपनी दोघांनाही त्यात घ्या, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

‘कोर्टकचेरी आपल्याला कुठे जमते’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडी माहिती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार द्यायची. दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत द्या, नुकसानभरपाई द्या, असे आदेश आयोग देऊ शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोचवते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हेही लक्षात ठेवा.

आणि हे घरच्या घरी पाळा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. मशीन देताना चारही बाजूंचे फोटो काढा. जॉब शीटशिवाय वस्तू सोडू नका आणि त्यावर बिघाड काय तो आपल्या शब्दांत लिहायला लावा. आपले फोटो, बँकेचे कागद आधी दुसरीकडे काढून ठेवा, पासवर्ड सांगू नका. ‘पाणी गेलं’, ‘पडला’ असं म्हणाले तर लेखी आणि फोटोसह मागा. तोंडी काही झालं तर त्याच संध्याकाळी मेसेज करून ठेवा, “आज आपण असं म्हणालात.” टाचणीने लावलेले हे चार कागद शंभर भांडणांपेक्षा जड असतात.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्यातल्या कितीतरी जणी दुकानदाराच्याच घरात आहेत. दुपारी हे जेवायला आले की गल्ल्यावर आपणच बसतो. म्हणून हा लेख फक्त ग्राहक बायकांसाठी नाही. उद्या एखादी बाई बंद पडलेला मिक्सर पिशवीत घालून खेड्यावरून दोन एसटी बदलून आपल्या दुकानात येईल. तिला ‘कंपनीला फोन लावा’ म्हणू नका. स्टूल द्या, पाणी द्या, पावती करून द्या, कंपनीचा नंबर आपण लावा आणि काय झालं ते तिला आठवड्याने स्वतःहून कळवा. तिला वाद घालायची वेळच येऊ देऊ नका. आपल्या धंद्याची जुनी पत यानेच टिकली आहे, आणि गेली तर ती तक्रारींमुळे जाणार नाही, तक्रार करायला लावल्यामुळे जाईल.

तुमच्याकडे असा अडकलेला कागद असेल तर आज कपाटातून काढा आणि त्यावरची तारीख बघा. दोन वर्षं पटकन जातात.